हाताने गुंडाळलेले जनित्र आणि त्याची खरी परीक्षा



सायकलच्या चाकाला टेकणारा डायनॅमो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. घरात जुनी सायकल असेल, तर तो अजूनही तिच्या चाकाजवळ धूळ खात बसला असेल. खटका दाबून तो चाकाला टेकवला, की पुढचा दिवा लागतो आणि पेडल जड होते. यातले काही जडपण डायनॅमोची चकती टायरवर घासते म्हणून येते, हे उघड आहे. पण एक गंमत करून पाहा. डायनॅमो चाकाला टेकलेलाच ठेवा आणि दिव्याकडे जाणारी तार तेवढी सोडवा. घासणे पूर्वीइतकेच आहे, चाकही तेच आहे, तरी पेडल हलके होते. तार पुन्हा जोडली की पुन्हा जड! दिव्यापर्यंत जाणाऱ्या त्या बारीकशा तारेचा आणि तुमच्या पायांचा संबंध काय?

या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला विद्युत् जनित्र समजले असे खुशाल म्हणावे. आणि ज्याला ते समजले नाही, त्याची फसवणूक करणे फार सोपे असते. विज्ञान प्रदर्शनांत अधूनमधून ‘इंधनाशिवाय चालणारे’ जनित्र मांडलेले दिसते. व्होल्टमीटरचा काटा दिमाखात हलत असतो आणि भोवती गर्दी जमते. अशा वेळी नेमके काय विचारायचे, हे आपल्याला माहीत हवे. ते शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्वतः तार गुंडाळून एक जनित्र करणे आणि त्याची कसून परीक्षा घेणे.

पहिले वेटोळे

सन १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी हेच काम केले. आज मिळते तशी एनॅमलचा लेप दिलेली तार त्यांच्याकडे नव्हती. तांब्याची उघडी तार ते स्वतःच गुंडाळत. वेढ्याला वेढा चिकटू नये म्हणून मध्ये सुतळी ठेवत आणि थराला थर लागू नये म्हणून मध्ये सुती कापड घालत. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर अशी दोन वेटोळी गुंडाळून पाहिली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली चुंबकसुई क्षणभर हलली. १७ ऑक्टोबरला त्यांनी पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर केला, आणि तेव्हाही सुई हलली. चुंबक स्थिर धरला की सुई स्वस्थ. हालचाल असेल तरच वीज!

पुढल्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसच्या इपोलित पिक्सी यांनी मुठीने फिरवायचे यंत्र बनवले. त्यात नालाच्या आकाराचा चुंबक वेटोळ्यांखाली गरगर फिरे. आपण करणार आहोत ते जनित्र या यंत्राचेच धाकटे भावंड आहे.

आपले जनित्र

साहित्य असे जमवा: जाड पुठ्ठा, एक लांब, सरळ खिळा, ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद व १ सेंटिमीटर जाड असे चार काळे फेराइट चुंबक, आणि ३२ गेजची एनॅमल्ड तांब्याची तार. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. आपल्याला साधारण ६५ ग्रॅम लागेल.

पुठ्ठ्याची दोन्ही बाजूंनी उघडी अशी पेटी करा. तिची लांबी ८, रुंदी ८ आणि उंची ३.५ सेंटिमीटर ठेवा. वरच्या व खालच्या मोठ्या बाजूंच्या बरोबर मध्यातून खिळा आरपार घाला. तो सैल फिरला पाहिजे. आता उघड्या तोंडातून चुंबक आत सोडा आणि खिळ्याच्या एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस दोन असे चिकटवा. ते खिळ्याला आणि एकमेकांना आपोआप ओढून धरतील. खिळा फिरवला की चुंबकही पेटीला न घासता फिरले पाहिजेत. तसे फिरू लागले, की सरस लावून पक्के करा.

आता तार. पेटीच्या चारही बाजूंभोवती, खिळ्याच्या डावीकडे २५० आणि उजवीकडे २५० असे एकूण ५०० वेढे द्या. दोन्हीकडची दिशा एकच असली पाहिजे. दर ५० वेढ्यांनंतर कागदावर एक रेघ ओढा, म्हणजे मोजणी चुकणार नाही. एका वेढ्याला सरासरी २४ सेंटिमीटर, म्हणजे ५०० वेढ्यांना १२० मीटर तार लागली. शेवटी तारेची दोन्ही टोके पॉलिशपेपरने घासून वरचा लेप पूर्णपणे काढा. ‘जनित्र चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा या न घासलेल्या टोकांतच दोष असतो.

खिळ्याचे टोक हाताने फिरवायच्या ड्रिलच्या जबड्यात धरा. मुठीच्या एका फेरीला जबडा किती फेऱ्या घेतो ते आधी मोजून ठेवा. समजा, चार घेतो. मूठ दोन सेकंदांत पाच वेळा फिरवली, तर चुंबक सेकंदाला दहा फेऱ्या घेतील.

वीज किती मिळेल, याचा अंदाज आपण आधीच बांधू. वेटोळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००२८ चौरस मीटर आहे. चुंबकाचे तेथील सरासरी क्षेत्र ०.०२३ टेस्ला धरू. दोहोंचा गुणाकार सुमारे ०.००००६४ वेबर येतो. याला वेढ्यांच्या संख्येने, ५०० ने, गुणा. मग सेकंदाला दहा फेऱ्यांच्या कोनीय वेगाने, म्हणजे ६३ ने, गुणा. उत्तर येते २ व्होल्ट. हे शिखरमूल्य झाले. दाब सतत उलटसुलट होत असल्याने मीटरवर त्याचे परिणामी मूल्य दिसेल, ते सुमारे १.४ व्होल्ट. तुमचे चुंबक कमी-अधिक बलवान असतील तर आकडे थोडे बदलतील. काटा मात्र या आसपास आला पाहिजे.

दोन टोकांना एक लाल एल.ई.डी. जोडा आणि अंधारात ड्रिल फिरवा. तो मंदपणे लुकलुकेल. वेग वाढवला तर प्रकाश वाढेल. त्याच्याशेजारी दुसरा एल.ई.डी. उलट दिशेने जोडला, तर दोघे आळीपाळीने लागतील. आपल्या यंत्रातून प्रत्यावर्ती प्रवाह निघतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

दिवा का लागत नाही?

आता एल.ई.डी. काढून टाका आणि जुन्या टॉर्चमधला २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा छोटा बल्ब लावा. ड्रिल फिरवा. बल्ब लागत नाही! बल्ब काढून मीटर लावला तर तो पुन्हा १.४ व्होल्ट दाखवतो. वीज आहे आणि दिवा नाही, हे कसे?

आपल्या १२० मीटर तारेला स्वतःचा रोध आहे. ३२ गेजच्या तारेच्या एका मीटरचा रोध सुमारे ०.२९ ओहम असतो, म्हणजे वेटोळ्याचा रोध ३५ ओहम झाला. बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध जेमतेम ८ ओहम असतो. दोन्ही एकापुढे एक जोडलेले असल्याने १.४ व्होल्टपैकी बहुतेक दाब वेटोळ्यातच खर्च होतो आणि बल्बच्या वाट्याला पाव व्होल्टच येतो. बल्बला हवे असतात ७५० मिलिवॉट. त्याला मिळतात फार तर ८. तो लागणार कसा? व्होल्टमीटर मात्र स्वतः नगण्य प्रवाह घेतो. म्हणून त्याला वेटोळ्याची ही अडचण जाणवतच नाही.

पुढची परीक्षा वहीत तक्ता आखून करा. वेग सेकंदाला दहा फेऱ्यांच्या जवळ ठेवा आणि टोकांना वेगवेगळे रोधक जोडून दाब मोजा. आमच्या हिशेबाने असे आकडे यायला हवेत:

काहीच जोडले नाही: १.४ व्होल्ट, प्रवाह शून्य, शक्ती शून्य.
१०० ओहम: १.०४ व्होल्ट, १०.४ मिलिअँपिअर, सुमारे ११ मिलिवॉट.
३३ ओहम: ०.६८ व्होल्ट, २०.६ मिलिअँपिअर, १४ मिलिवॉट.
१० ओहम: ०.३१ व्होल्ट, ३१ मिलिअँपिअर, सुमारे १० मिलिवॉट.
टोके थेट एकमेकांना जोडली: दाब शून्य, ४० मिलिअँपिअर, बाहेर मिळालेली शक्ती शून्य.

पहिली आणि शेवटची ओळ लक्षपूर्वक वाचा. एखाद्याने मोकळ्या टोकांवर १.४ व्होल्ट मोजले, नंतर टोके जोडून ४० मिलिअँपिअर मोजले आणि दोहोंचा गुणाकार करून ‘माझे जनित्र ५६ मिलिवॉट देते’ असे सांगितले, तर? दोन्ही मोजमापे खरी आहेत, पण गुणाकार खोटा आहे. ते व्होल्ट आणि ते अँपिअर एकाच वेळी कधीच अस्तित्वात नव्हते. या जनित्रातून जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती आहे १४ मिलिवॉट, म्हणजे त्या गुणाकाराच्या बरोबर एक चतुर्थांश. आणि ती मिळते बाहेरचा रोध वेटोळ्याच्या रोधाइतका असताना. इतकेच नव्हे, तर त्या वेळी तेवढीच शक्ती वेटोळ्याला तापवण्यातही जाते.

तेव्हा नियम असा: जनित्राची परीक्षा भार जोडूनच करायची, आणि दाब व प्रवाह त्या भारावर एकाच वेळी मोजायचे.

बारीक तार की जाड?

आता तुम्ही म्हणाल, रोधच आडवा येतो तर जाड तार वापरू. तार दुप्पट क्षेत्रफळाची घेतली, तर तेवढ्याच जागेत निम्मे, म्हणजे २५० वेढे बसतील. दाब निम्मा, ०.७ व्होल्ट होईल. तारेची लांबी निम्मी व जाडी दुप्पट झाल्याने रोध चौथा हिस्सा, म्हणजे पावणेनऊ ओहम होईल. आता जास्तीत जास्त शक्ती काढून पाहा. पुन्हा १४ मिलिवॉटच! तांब्याचे वजन तेवढेच राहिले, तर शक्तीही तेवढीच राहिली. वेढ्यांची संख्या बदलून आपण व्होल्ट आणि अँपिअर यांची फक्त अदलाबदल करतो.

शक्ती खरोखर वाढवायची असेल तर चुंबक बलवान हवा, तो वेटोळ्याच्या अधिक जवळ हवा, तांबे अधिक हवे किंवा वेग अधिक हवा. वेग दुप्पट केला तर दाब दुप्पट आणि शक्ती चौपट होते. पण या चौपट शक्तीची किंमत कोणी तरी मोजतच असतो. कोण, ते आता पाहू.

जडपण कोठून येते?

वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला, की ते वेटोळे स्वतःच एक चुंबक बनते. त्याची दिशा नेहमी अशी असते की, ज्या हालचालीने प्रवाह निर्माण झाला त्याच हालचालीला तो विरोध करतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणारे हाइन्रिक लेन्झ यांचा हा नियम १८३४ साली प्रसिद्ध झाला. तार तोडलेली असताना प्रवाह नाही, म्हणून विरोध नाही आणि पेडल हलके. तार जोडली की प्रवाह वाहतो, विरोध येतो आणि पेडल जड होते. जवळ येणारा चुंबक दूर लोटला जातो आणि दूर जाणारा मागे ओढला जातो. हा विरोध मोडून चुंबक फिरवत राहण्यासाठी तुमचे पाय जे काम करतात, तेच दिव्यात उजेड होऊन बाहेर पडते.

आपल्या पुठ्ठ्याच्या जनित्राची शक्ती इतकी थोडी आहे की हा फरक हाताला जाणवणार नाही. त्यासाठी सायकलचा डायनॅमोच घ्या. तो सामान्यतः ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो. सायकल उलटी करून हँडल व सीटवर उभी करा आणि डायनॅमो चाकाला टेकवा. दिव्याची तार सोडून चाकाला हाताने जोराचा झटका द्या आणि थांबेपर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजा. मग तार जोडून तेवढाच झटका द्या. प्रत्येक प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढा, कारण हाताचा झटका दर वेळी सारखा नसतो. दिवा जोडलेला असताना फेऱ्या कमी भरतील. तीन वॉट म्हणजे किती? एक किलोग्रॅमचे वजन दर सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर उचलत राहण्याइतके काम. त्या छोट्या दिव्याच्या उजेडामागे एवढे श्रम आहेत.

घरासाठी गुंडाळलेली वेटोळी

हा सगळा खेळ वाटेल, पण हाताने गुंडाळलेल्या वेटोळ्यांवर ज्यांची घरे उजळली अशी माणसेही आहेत. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाचे एक द्वीपकल्प आहे. तिथे जायला मोटाररस्ता नाही. एक तर होडीने जायचे, नाही तर काही मैल पायी चालायचे. सार्वजनिक विजेच्या ताराही तेथवर गेल्या नाहीत. वारा मात्र भरपूर. १९७० च्या दशकात तेथे राहायला गेलेल्या ह्यू पिगॉट यांनी भंगारातील सामान जमवून घरगुती पवनचक्क्या बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी आपली रचना पुस्तकांतून आणि शिबिरांतून इतरांना शिकवली, आणि अनेक देशांतल्या हौशी लोकांनी तिच्यावरून आपापली जनित्रे बनवली.

ही रचना समजायला सोपी आहे. मोटारीच्या चाकाच्या हबवर लोखंडाच्या दोन गोल चकत्या बसवतात. त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतील असे चुंबक चिकटवलेले असतात. दोन चकत्यांच्या मधल्या फटीत वेटोळ्यांची एक पातळ थाळी स्थिर बसवतात. लाकडी साच्यावर मूठ फिरवून एकेक वेटोळे गुंडाळायचे आणि सगळी मिळून रेझिनमध्ये ओतून घट्ट करायची. एका चकतीवरच्या दर चार चुंबकांमागे तीन वेटोळी असे प्रमाण ठेवले, की तीन कलांचा प्रवाह मिळतो. डायोडांनी तो एकदिश करून बॅटरीत साठवतात.

वेटोळ्यांत लोखंडाचा गाभा नसल्यामुळे चुंबक कोठेही अडकून राहत नाहीत आणि मंद वाऱ्यातही चाक सहज फिरू लागते. त्याबदली चुंबक मात्र जबरदस्त लागतात. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत विकसित झालेल्या निओडिमियमच्या चुंबकांनी ही गरज भागवली.

आपण पुठ्ठ्याच्या पेटीवर शिकलेला प्रत्येक धडा येथे कामाला येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी थोडे वेढे व जाड तार. ४८ व्होल्टसाठी चौपट वेढे आणि चौथ्या हिश्श्याची तार. तांबे मात्र दोन्हीकडे सारखेच. जनित्राचा दाब बॅटरीपेक्षा वर चढेपर्यंत प्रवाह सुरूच होत नाही. म्हणून कोणत्या वेगाला बॅटरी भरू लागावी, हे वेढे मोजतानाच ठरवावे लागते.

लेन्झचा नियम तर तेथे दोन्ही बाजूंनी भेटतो. चक्की थांबवायची असेल तर वारा बेताचा असताना जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडतात. प्रवाह एकदम वाढतो, विरोध वाढतो आणि पाती जवळजवळ थांबतात. उलट सोसाट्याच्या वाऱ्यात बॅटरीची तार निसटली, तर विरोधच नाहीसा होतो. चाक उधळते, दाब वाढत जातो आणि पाती मोडण्याची वेळ येते. म्हणून बॅटरी पूर्ण भरली तरी भार तोडत नाहीत. जादा वीज तापकाच्या तारेत घालवतात. भार हे जनित्रावरचे ओझे तर आहेच, पण त्याचा लगामही तोच.

स्वतःच स्वतःला फिरवणारे यंत्र

आता प्रदर्शनातल्या त्या ‘इंधनाशिवाय चालणाऱ्या’ जनित्राकडे येऊ. त्याची कल्पना बहुधा अशी असते: मोटरने जनित्र फिरवायचे, जनित्राची वीज मोटरला द्यायची, आणि उरलेल्या विजेवर दिवे लावायचे. लहान मोटर आणि लहान जनित्र प्रत्येकी ७० टक्के कार्यक्षम आहेत, असे उदार मनाने धरू. मोटरला १०० जूल दिले की जनित्राला ७० मिळतात आणि जनित्र ४९ परत देते. दुसऱ्या फेरीअखेर २४, तिसऱ्या फेरीअखेर १२. उरण्याची गोष्ट सोडाच, मूळ रक्कमही टिकत नाही. दोन्ही यंत्रे अगदी निर्दोष असती तरी १०० चे १०० च परत येते, आणि दिव्यासाठी शून्य उरते. जड चाक बसवले तर यंत्र थांबायला वेळ लागेल इतकेच. चाकात जे साठवलेले असते ते कोणी तरी आधी त्यात घातलेले असते.

अशा यंत्रासमोर उभे राहाल तेव्हा वाद घालू नका, टिंगलही करू नका. बनवणाऱ्याने मनापासून मेहनत केलेली असते आणि बहुधा त्याला स्वतःलाही मोकळ्या टोकांवरच्या व्होल्टनीच फसवलेले असते. नम्रपणे तीन गोष्टी विचारा. भार जोडला आहे का? त्या भारावरचे व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी मोजले आहेत का? आणि सुरुवातीची बॅटरी काढून टाकून यंत्र तासभर चालवून दाखवता का? एवढ्यावर निकाल लागतो.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाचे चार गट करा. वेटोळ्याला प्रत्येकाने तेवढेच तांबे वापरावे, पण गेज वेगळे घ्यावे. प्रत्येक गटाने आधी कागदावर अंदाज लिहावा आणि मगच मोजमाप करावे. बारीक तारेचा गट व्होल्टची स्पर्धा जिंकेल, जाड तारेचा गट अँपिअरची जिंकेल, आणि वॉटचे आकडे काढल्यावर चौघेही जवळपास एकाच जागी येतील.

सावधगिरीचे दोन शब्द. घरातल्या विजेच्या बोर्डाला आपले जनित्र कधीही जोडू नका. निओडिमियमचे चुंबक हाती घ्याल तर बोटे सांभाळा आणि ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेले तर जिवावर बेतते.

आणि जाता जाता एक प्रश्न. दिवा जोडला की पेडल जड होते, हे आता तुम्हाला कळले. मग तुमच्या घरात रात्री पंख्याचे बटण दाबले जाते, तेव्हा दूर कोयनेच्या वीजगृहात फिरणाऱ्या चक्राला काय जाणवत असेल? आणि त्याचा वेग मंदावू नये म्हणून तेथे काय करावे लागत असेल? विचार करा, वहीत लिहा आणि वर्गात चर्चा करा.